नऊ महिन्यांचं वर्ष

कप्तानाला भोक सापडत नव्हतं. बोटीतलं नव्हे. बोट साठ फुटी, ठणठणीत, यार्डात जाड ओंडक्यांवर बसलेली होती आणि तिच्या तळाला करंगळी जाईल एवढीही फट नव्हती. भोक होतं हिशेबात. गेली दोन वर्षं मासळी पूर्वीइतकीच मिळत होती, भाव थोडा चढाच होता, खलाशी तेच, इंजिन तेच, आणि तरी समुद्र बंद व्हायचे तीन वादळी महिने आले की कप्तानाच्या खिशात खडखडाट. गेल्या वर्षी त्याने मुदतठेव मोडली. यंदा तर मासळीच्या दलालाकडून चार लाख आणले. दलालाचे पैसे घेतले की मासळी त्याच्याच काट्यावर आणि त्याच्याच भावाने घालावी लागते, हे धक्क्यावरच्या मांजरालाही ठाऊक होतं. कप्तानाला ते चांगलंच झोंबत होतं.

पैसा आपोआप जात नाही, कुणीतरी नेतो, असं कप्तानाचं साधं मत होतं. आणि बोटीवरून गुपचूप नेण्यासारखी गोष्ट एकच, डिझेल. डिझेलच्या टाकीची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला, आणि तो माणूस म्हणजे मिस्त्री. एकोणीस वर्षं इंजिनाच्या खोलीत घालवलेला, कमी बोलणारा, कानाने थोडा जड झालेला मिस्त्री. कप्तानाच्या पहिल्या भाड्याच्या बोटीपासून तो त्याच्याबरोबर होता. म्हणूनच तर संशय यायला दोन वर्षं लागली, आणि एकदा आला तो हटायचं नाव घेईना.

गेल्या हंगामाच्या शेवटी शेवटी कप्तानाने टाकीत बुडवायच्या मोजकाठीवर पेन्सिलीने बारीक खुणा करायला सुरुवात केली होती. मिस्त्री जेवायला वर आला की हा खाली उतरायचा, काठी बुडवायचा, खूण करायचा, आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने वर यायचा. हाताला डिझेलचा वास मारायचा तो वेगळाच. पाच-सहा फेऱ्यांत खुणांची इतकी गर्दी झाली की कुठली खूण कुठल्या दिवसाची, हे खुद्द करणाऱ्यालाही कळेना.

आता सोमवारी उचल वाटायची होती. हंगाम सुरू व्हायच्या महिनाभर आधी प्रत्येक खलाशाच्या हातावर उचल ठेवायची, ती घेतली की तो त्या वर्षी त्या बोटीचा. ज्याला उचल नाही त्याला समजायचं ते समजतं, तोंडाने सांगावं लागत नाही. कप्तानाने सात पाकिटं तयार केली होती. मिस्त्रीचं पाकीट रिकामंच होतं. ते भरायचं की नाही, हे सोमवारपर्यंत ठरवायचं होतं, आणि नुसत्या संशयावर एकोणीस वर्षांचा माणूस काढायचा म्हणजे कप्तानाच्याही घशाखाली घास उतरत नव्हता. म्हणून त्याने लेकीला फोन केला.

लेक बर्फाच्या कारखान्यात हिशेब पाहायची. शहरातल्या निम्म्या बोटींची बर्फाची बिलं तिच्या हाताखालून जायची, त्यामुळे कुठली बोट किती दिवस समुद्रात असते आणि कुणाची उधारी किती थकली आहे, हे तिला तोंडपाठ. शनिवारी सकाळी ती आली ती थेट स्वयंपाकघराच्या टेबलाशीच बसली. टेबलावरचं मेणकापड पुसलं, कॅल्क्युलेटर, पेन आणि कोरे कागद मांडले, चष्मा लावला.

"बाबा, आधीच सांगते, मी चोर शोधायला आलेले नाही. पुढच्या वर्षाचा खर्च मांडू. बोट बाळगायला वर्षाला किती लागतात, ते एकदा कागदावर येऊ दे. मग काय गळतंय ते दिसेल."

"मांड की," कप्तान म्हणाला. "माझ्या वहीत सगळं आहे. एक पैसा इकडचा तिकडे नाही."

हे मात्र खरं होतं. कप्तानाच्या वह्या म्हणजे त्याचा अभिमान. पंधरा वर्षांच्या पंधरा वह्या, निळ्या पुठ्ठ्याच्या, एका मापाच्या. शाळेत त्याचं कधी कुणी कौतुक केलं नव्हतं, पण वह्यांमधलं त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. प्रत्येक वहीच्या पहिल्या ओळीवर तारीख आणि 'बोट पाण्यात', आणि शेवटच्या ओळीवर तारीख आणि 'बोट वर'. त्याखाली पट्टीने मारलेल्या दोन लाल रेघा. वर्ष संपलं.

खिडकीशी आई वाटाणे सोलत बसली होती. मांडीवर परात, पायाशी टरफलांची टोपली. तिचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरलेला होता, त्यामुळे ती हात अंगाशी चिकटवूनच काम करायची. तिच्यामागे कोपऱ्यात शिलाई मशीन होतं, त्याच्यावर चादर, चादरीवर कुंडी. एके काळी त्या मशीनचा आवाज थांबला की शेजारी चौकशीला यायचे. तीन शाळांचे गणवेश ती शिवायची. शाळा उघडायच्या आधीचे तीन महिने तर हाताखाली दोन बायका ठेवून दिवसभर कात्री चालायची. मग खांदा गेला, डॉक्टरांनी सांगितलं आता पुरे, आणि मशीनची कुंडी ठेवायची तिवई झाली.

"सुरुवात डिझेलपासून," कप्तान म्हणाला.

"तुमच्या मनात काय आहे ते ठाऊक आहे मला," लेक म्हणाली. "चला, डिझेलपासून."

तिने चार वर्षांच्या वह्या काढल्या. फेरीचं डिझेल किती, फेरीत इंजिन किती तास चाललं, दोन्ही आकडे वहीत होते. तासांचे आकडे मिस्त्रीच सांगायचा, ते इंजिनाच्या घड्याळावरून येत, आणि ते घड्याळ दर वर्षी तपासणीचा अधिकारी येऊन पाहून जायचा, तेव्हा त्यात हात घालायला वाव नव्हता. लेकीने भागाकार केले. तासाला बावीस लिटर. पुढचं वर्ष, बावीस. गेल्या दोन वर्षांत, एकवीस.

"एक लिटर कमी," ती म्हणाली.

"कमी?"

"चोर असेल तर फार विसराळू दिसतो. घरून आणून टाकीत ओततोय."

खिडकीशी आई हसली. कप्तानाने खुर्ची मागे-पुढे केली. डिझेल नाही तर ऑइल असेल, ऑइल नाही तर जाळ्यांचा दोर, पितळेचे तुकडे, काहीतरी असेलच, असं तो पुटपुटला. लेकीने तेही तपासलं. ऑइल बरोबर, दोर बरोबर, पितळ बरोबर. पंधरा वर्षांच्या निळ्या वह्यांत खरंच एक पैसा इकडचा तिकडे नव्हता, आणि जसजसं हे सिद्ध होत गेलं तसतसा कप्तानाचा चेहरा पडत गेला. आपला हिशेब बरोबर निघतोय याचं इतकं वाईट वाटणारा माणूस त्या मेणकापडाने पहिल्यांदाच पाहिला असेल.

"आता जमा," लेक म्हणाली. "वर्षाला सत्तावीस फेऱ्या. डिझेल, बर्फ, राशन वजा जाता निम्मं खलाशांचं, निम्मं बोटीचं. बोटीचा वाटा सरासरी पन्नास हजार. सत्तावीस गुणिले पन्नास, साडेतेरा लाख. बरोबर?"

"बरोबर."

"त्यातून जाळी, दोर, दुरुस्त्या, चार लाख. बँकेचा इंजिनाचा हप्ता पस्तीस हजार..." ती वहीचं पान मागे-पुढे करू लागली. बोटाने ओळी मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग आधीच्या वर्षाची वही काढली. "बाबा, हप्ते नऊच आहेत."

"मग? वर्षाचे नऊ."

"वर्षाचे बारा असतात."

"तुमच्या कारखान्याचं वर्ष बारा महिन्यांचं असेल. बोटीचं वर्ष नऊ महिन्यांचं. पाण्यात गेल्यापासून वर येईपर्यंत. सगळ्या धक्क्याची हीच रीत आहे. माझ्या बापाची हीच होती."

हे त्याने असं सांगितलं, जसं एखाद्याने आठवड्याला सात दिवस असतात म्हणून सांगावं. आणि चूक त्याची एकट्याची नव्हतीच. तिथे कुणालाही विचारलं तरी 'गेल्या वर्षी' म्हणजे गेला हंगाम, आणि 'वर्षभर' म्हणजे नऊ महिने. मधल्या तीन महिन्यांना त्यांच्या बोलण्यात नावच नव्हतं. ते नुसते 'मधले'.

"धक्क्याची रीत बँकेने ऐकली आहे का?" लेक म्हणाली. "मधल्या तीन महिन्यांचे हप्ते कोण भरतं?"

"ते होऊन जातात."

"आणि बोट वर उचलायची क्रेन?"

"ती तर बोट वर घेतानाची. हिशेब बंद झाल्यावरची. ते होऊन जातं गं."

"यार्डाचं भाडं? तळाचे शिंपले खरवडणं, रंग? विमा? परवाना, तपासणी? सगळं मधल्या महिन्यांतच येतं ना?"

"येतं. दर वर्षी येतं. दर वर्षी होऊन जातं. पंधरा वर्षांत एकदा तरी बोट रंगाविना पाण्यात गेलीय का? विमा चुकलाय का? विचार कुणालाही."

लेकीने पेन खाली ठेवलं. तिने चष्मा काढला आणि बापाकडे नीट पाहिलं. तिच्या लक्षात आलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. आईकडे तिने बघितलं नाही, हे कप्तानाला नंतर आठवलं.

"बाबा, तुम्हीच म्हणता ना, पैसा आपोआप जात नाही, कुणीतरी नेतो?"

"म्हणतो."

"मग आपोआप येतो कसा?"

वाटाण्यांचा आवाज थांबला होता. कप्तानाने तोंड उघडलं, 'घरातून' म्हणाला, आणि पुढचा शब्द तिथेच अडकला. घरातून. घरात कुठून? घरात त्याने दिलेले पैसे घरातच संपायचे, किराणा, वीज, लेकीची फी, मग तिचं लग्न. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने परात बाजूला ठेवली.

"हप्ता म्हणजे शंभर शर्ट," ती म्हणाली.

"काय?"

"एका शर्टामागे साडेतीनशे सुटायचे माझे, बायकांची मजुरी जाऊन. पस्तीस हजारांचा हप्ता म्हणजे शंभर शर्ट. तीन हप्ते, तीनशे. क्रेन एकशेनऊ. रंग आणि खरवडणं तीनशे वीस. विम्याचे पावणेतीनशे धरा. ते फुगणारं होडकं असतं ना जीव वाचवायचं, त्याची तपासणी आणि संकटात पेटवायची ती लाल नळकांडी मिळून सत्तर. यार्डाचं भाडं एकशेतीस. ते दर वर्षी वाढवायचे, म्हणून मी त्या यार्डवाल्याच्या मुलाचा गणवेश कधी वेळेवर दिला नाही."

लेक भराभर लिहीत होती. तिने परवाना आणि इंजिनाचं मधलं काम यांचे आकडे घातले, बेरीज केली, आणि कागद बापासमोर सरकवला. पाच लाख आठ हजार.

"साडेचौदाशे शर्ट," आई म्हणाली. "वर-खाली दहा."

कप्तान कागदाकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर मधले महिने आले. सकाळी तो उठायचा तेव्हा मशीन चालू असायचं. तो चहा पिऊन यार्डात जायचा. जाताना ती म्हणायची, रंगवाल्याचे दोन डबे आज घ्या, कपाटात पैसे ठेवलेत. तो कपाट उघडायचा, पैसे असायचे. तिचा खांदा जाईपर्यंत तेरा वर्षं कपाट उघडलं की पैसे असायचे, आणि समुद्रात उभ्या आयुष्यात नुसतं जाळं टाकलं म्हणून मासा मिळत नाही हे ज्याला पक्कं माहीत होतं, त्या माणसाला कपाटाबद्दल कधी प्रश्न पडला नव्हता. त्याला लाज वाटली. कान तापेपर्यंत लाज वाटली.

"सांगायचंस तरी," तो म्हणाला.

"पहिल्या वर्षी सांगितलं होतं. क्रेनचे पैसे कुठून आणायचे विचारलं. तुम्ही जाळं विणत होतात. मान वर न करता म्हणालात, होऊन जाईल."

"आणि नंतर?"

"नंतर तुम्ही लोकांना सांगायला लागलात, या बोटीनं माझं घर पोसलं. लेकीच्या लग्नात तर व्याह्यांना तीनदा सांगितलंत. तिथे काय मी मध्ये बोलू, की अहो, बोटीला आम्ही पोसतोय?" तिने खांदा चोळला. "तसं काही वाईट नव्हतं वाटत मला. तुम्ही बाहेर, मी आत, बोट चालली होती. खांदा गेल्यावर मात्र वाटलं, आता यांना कळेल. तुम्ही गेलात मिस्त्रीच्या मागे."

"मशीन बंद झालं तेव्हा तरी बोलायचंस. मी काठीवर खुणा करत बसलो."

"कुठली काठी?"

त्याने सांगितलं. सांगावंच लागलं. लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि आई एवढी हसली की खांदा धरून तिला थांबावं लागलं. मग ती थांबली आणि म्हणाली, "एकोणीस वर्षं झाली ना त्या माणसाला?" कप्तानाने मान हलवली. त्यानंतर कुणी हसलं नाही.

पुढचा हिशेब अर्ध्या तासात झाला, कारण आता लपलेलं काही नव्हतं. लेकीने नवा कागद घेतला, त्यावर बारा रकाने आखले आणि पहिला रकाना मधल्या महिन्यांपासून सुरू केला. पाच लाख आठ हजार भागिले सत्तावीस. दर फेरीत बोटीच्या वाट्यातून आधी एकोणीस हजार बाजूला काढायचे, वेगळ्या खात्यात, मग उरेल ते घरात. त्यात कप्तानाचा स्वतःचा खलाशांबरोबरचा वाटा मिळवला की घराला महिन्याला पडत होते जेमतेम तेहतीस हजार.

"हप्त्यापेक्षा कमी," कप्तान म्हणाला.

"खरं तेवढंच आहे. आधीही एवढंच होतं. वरचे आईचे होते."

"म्हणजे बोट विकायची?"

"मी तसं म्हटलं नाही. एकेचाळीस हप्ते राहिलेत. दलालाचे चार लाख आहेत, ते जुनं जाळं आणि पडून असलेली दुसरी मोटर विकून यंदाच फेडा, म्हणजे भाव आपल्या हातात येईल. तेवढी वर्षं ओढूनताणून काढली तर पुढे बोट तुमची, आणि फायद्याची. पण तेहतीस हजारांत राहायचं. कपाट उघडायचं नाही."

कप्तानाने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. साठ फुटी बोटीचा मालक म्हणून धक्क्यावर तो छाती काढून चालायचा, आणि त्या छातीतली निम्मी हवा शाळेच्या शर्टांची होती. हे पचायला शनिवार-रविवार लागले. रविवारी सकाळी तो यार्डात जाऊन बोटीभोवती तीन चकरा मारून आला. तळाचा रंग अजून लावायचा होता. रविवारी दुपारी त्याने मिस्त्रीचं पाकीट भरलं. मग अजून एक पाकीट काढलं.

सोमवारी सकाळी यार्डात बोटीच्या सावलीत स्टुलावर बसून त्याने उचल वाटली. खलाशी एकेक आले, पाकीट घेतलं, मोजलं, वहीत सही केली, गेले. मिस्त्री सगळ्यांत शेवटी आला. रोज इंजिनाच्या तेलात असणारे हात त्याने धुऊन आणले होते. त्याने पाकिटाकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"भरलेलं आहे का?" त्याने विचारलं.

"असं का विचारतोस?"

"काठीवरच्या खुणा बघितल्या होत्या मी. पहिल्याच दिवशी. म्हटलं, कप्तानाला काहीतरी मोजायचंय. पुसल्या नाहीत. तुम्हाला लागतील म्हणून काठी बाकीच्या बाजूंनीच पुसायचो."

कप्तान स्टुलावरून उठला. मिस्त्रीच्या कानाला कमी ऐकू यायचं, त्यामुळे क्षमासुद्धा मोठ्याने मागावी लागली, आणि शेजारच्या बोटीला रंग लावणारी दोन माणसं ब्रश थांबवून ऐकत राहिली. "चुकलो मी. पैसे कुठे जातात ते कळेना, तुझ्यावर संशय घेतला. माझ्या हिशेबातच तीन महिने नव्हते. तुझी काही चूक नाही. डिझेल उलट तू वाचवलंयस."

"इंजेक्टर बदलले होते," मिस्त्री म्हणाला. "सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं असशील."

मिस्त्रीने बोटीच्या पंख्याकडे पाहिलं, मग लांब धक्क्याच्या टोकाकडे. तिकडच्या एका मोठ्या बोटीवाल्याने त्याला विचारलं होतं, दीडपट वाट्यावर. बघतो म्हणून तो सांगून आला होता. हे त्याने कप्तानाला तसंच सांगितलं, लपवलं नाही. कप्तानाने पाकीट तसंच पुढे धरून ठेवलं. शेजारच्या ब्रशांचा आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत मिस्त्री तसाच उभा राहिला. मग त्याने पाकीट घेतलं, उघडलं, थुंकी न लावता सावकाश नोटा मोजल्या आणि वहीत सही केली.

"काठी नवीन लागेल," तो म्हणाला. "जुनीवर आता काही वाचता येत नाही."

कप्तान घरी पोचला तेव्हा दुपार झाली होती. बायको टेबलाशी बसून औषधाची गोळी शोधत होती. कप्तानाने हात धुतले, समोर बसला, आणि खिशातलं शेवटचं पाकीट मेणकापडावर ठेवलं. इतरांच्यासारखंच पाकीट, वर त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं. कुणाच्या हातावर पैसे ठेवायचे तर त्याला त्यासाठी एकच शब्द येत होता, आणि तोच त्याने लिहिला होता. उचल.

तिने पाकीट उचललं नाही. वरचा शब्द वाचला.

"ही नको मला."

"का?"

"उचल घेतली की पुढे कामावर जावं लागतं. मला काम करायचं नाहीये आता. मी करून बसलेय."

कप्तानाला हे सुचलंच नव्हतं. त्याने पाकीट परत ओढलं, शर्टाच्या खिशातून पेन काढलं आणि तो शब्द खोडला. मग बराच वेळ पेन कागदावर टेकवून बसला. मुदतठेव त्याने मोडली होती, दलालाचे चार लाख घेतले होते, बँकेचे एकेचाळीस हप्ते राहिले होते. ती सगळी देणी त्याला पाठ होती. पण तेरा वर्षांचे साडेचौदा-साडेचौदाशे शर्ट म्हणजे किती होतात, हे त्याला लेकीला विचारायचं धाडस झालं नव्हतं. शेवटी खोडलेल्या शब्दाखाली त्याने लिहिलं, 'पहिला हप्ता'.

तिने आता पाकीट घेतलं, उघडलं. पाच हजार होते. खलाशी मोजतात तसे तिने मोजले, एकदा, आणि पुन्हा आत ठेवले. डाव्या हाताने मशीनवरची कुंडी बाजूला केली, चादर वर उचलली आणि पाकीट खालच्या खणात सारलं, जिथे पूर्वी शाळांच्या ऑर्डरी असायच्या. चादर नीट केली. मग त्याच्याकडे वळली.

"वर्षाला किती हप्ते?"

"बारा," कप्तान म्हणाला.